अर्ध्या वाटेवरची काठी

१

आमच्या किरिसावा गावात हिवाळ्याची सकाळ चहाने सुरू होत नाही, वाटेने होते. रात्रभर पडलेला बर्फ उजाडेपर्यंत कमरेला लागतो. तो उपसून टाकायचा म्हटलं तर टाकणार कुठे? सगळीकडे तोच. म्हणून तो तुडवायचा. पेंढ्याचे पिंपाएवढे जोडे गुडघ्यापर्यंत चढवायचे, त्यांच्या दोऱ्या हातात धरायच्या आणि एकेक पाय उचलून दाबत जायचं. गुच्, गुच्, गुच्. मागे माणूस चालेल एवढी टणक पायवाट तयार होते.

नियम साधा आहे. शेजाऱ्याच्या घराकडे जाणारी अर्धी वाट आपण तुडवायची, अर्धी शेजाऱ्याने. मधोमध वेळूची काठी रोवलेली असते, तिच्या टोकाला तांबडं फडकं. कोणी वाट तुडवत तुमच्या दाराशीच आलं, तर ते बाहेरून हाक देतं, "वाट झाली हो!" आतून आपण म्हणायचं, "उपकार झाले, या." आणि दार उघडायचं. गप्प बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर थुंकणं.

मी शिझुओकाची. आमच्याकडे बर्फ लांबच्या डोंगराच्या डोक्यावर असतो आणि आम्ही त्याच्याकडे बघत संत्री खातो. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाच्या आधी मला वाट तुडवायला शिकवली. त्या गेल्या. नवरा एइकिची गावातल्या सगळ्या बाप्यांसारखाच पहिला बर्फ पडायच्या आत टोकियोला बोगदे खोदायला जातो, तो भाताची रोपं लावायलाच परत येतो. घरात उरतो आम्ही दोघी, मी आणि माझी लेक कायो. कायोला तिसरं वर्ष लागलं होतं आणि ती अजून एक शब्द बोलत नव्हती.

२

बर्फाच्या भाराने काचा फुटू नयेत म्हणून खालच्या मजल्याच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकतात. मग भर दुपारीही दिवा लावून बसायचं. लंगोट निखाऱ्यांवर वाळवायचे, मुळ्याचं सार करायचं, कोटात्सुच्या, म्हणजे शेगडीवरच्या बैठ्या मेजाच्या, रजईत पाय घालून पोरीला खेळवायचं, की पुन्हा लंगोट. छतावर बर्फ साचला की तुळया कण्हतात. पहिल्या वर्षी मी दचकायचे, पुढे त्यांनाच "काय गं, दुखतंय का?" असं विचारायला लागले.

हसू नका. त्या हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे मी मोठ्या माणसाशी बोलले नव्हते. माहेरून आलेल्या संत्र्यांच्या पेटीत जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते मी कायोला मोठ्याने वाचून दाखवायचे. शिमिझुच्या शाळेतल्या शर्यतीत कोण पहिलं आलं, हे मला तोंडपाठ झालं होतं. कायो ऐकायची, माझ्या ओठांकडे बघायची आणि गप्प राहायची.

यात थोडा दोष माझाही होता. वरच्या अंगाला हात्सुकाकूंचं घर. काकू साठीच्या, कणखर, आणि त्यांची जीभ म्हणजे कोयता. पानझडीत सगळ्या बायका मिळून लोणच्याचे पिंप भरत होत्या, तेव्हा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोर बोलेल कशी? हिच्या घरात बोलणारं माणूस आहेच कुठे?" बायका हसल्या. मी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून वरची अर्धी वाट मी उशिरा तुडवायला जायचे, काकू आपली अर्धी तुडवून घरात गेल्या की मग. मोडेन पण वाकणार नाही, असा माझा स्वभाव. त्यापायी मी स्वतःलाच कोंडून घेतलं होतं.

खालच्या अंगाला तामेआजींचं घर, त्यापुढे देवदाराचं रान आणि नदी. बाकी काही नाही. यंदा आजींना त्यांचा मुलगा हिवाळ्यापुरता शहरात घेऊन गेला. जाताना आजी माझ्या दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "यंदा माझ्याकडची वाट तुडवू नकोस हं, सूनबाई. खाली कोणी नाही. बर्फ पडेल तसा पडू दे."

पदरी पोर आहे म्हणून म्हातारीला माझी दया आली, असं मी समजले. मला बरंच वाटलं. अर्धं काम वाचलं.

३

आणि एका सकाळी खालची वाट तुडवलेली होती.

कायोला पाठीशी बांधून मी दाराबाहेर आले. बर्फात खोदलेल्या पायऱ्या चढून वर पोचले आणि सहज खाली पाहिलं. आजींच्या घरापासून काठीपर्यंत सुरेख, सरळ, एकसारखी दाबलेली पायवाट. बरोबर काठीपाशी संपलेली. काठीच्या अलीकडे माझी अर्धी बाजू, तिच्यावर कमरेइतका कोरा बर्फ.

भीती वाटली का? छे. लाज वाटली. आजींचं सुनेशी पटलं नसणार आणि म्हातारी परत आली, हेच माझ्या मनात आलं. ऐंशीची बाई उजाडायच्या आत आपली अर्धी वाट करते, आणि मी तरणीताठी रजईत पाय घालून बसते! मी घाईघाईने माझी अर्धी तुडवली. आमच्या गावातलं कुठलंही माणूस हेच करेल. काठीपाशी दोन्ही वाटा जुळल्या तेव्हा मला केवढं हायसं वाटलं.

मग सरळ आजींना भेटायला गेले. त्या बाजूची वाट माझ्यापेक्षा चांगली होती, कडा सुरीने कापल्यासारख्या. ती आजींच्या दारापर्यंत गेली आणि तिथे बर्फाच्या भिंतीला टेकून संपली. भिंत वळचणीपर्यंत भरलेली, गुळगुळीत. दार तिच्या आत कुठेतरी गाडलेलं. कोणी खणलेलं नाही, कोणी बाहेर आलेलं नाही. धुराड्यातून धूर नाही.

मग रीत म्हणून, आणि खरं सांगायचं तर शांतता असह्य झाली म्हणून, हाक दिली. "वाट झाली हो!"

आतून उत्तर आलं नाही. मी माघारी वळले. घरी येईपर्यंत पाठीवरची कायो मान मागे वळवून बघत होती, ते मला तिच्या भाराच्या झोकावरून कळत होतं.

४

डोकं शाबूत असलेल्या माणसाकडे दहा कारणं तयार असतात. रानात कोणी शिकारी आला असेल. आजींचा मुलगा छत बघायला येऊन गेला असेल आणि नंतर दारावर बर्फ घसरला असेल. किंवा हात्सुकाकू माझी फिरकी घेत असतील, आळशी सुनेला धडा शिकवायला. हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं, कारण त्यात राग होता आणि रागाने ऊब येते.

पण दुसऱ्या दिवशीही वाट तुडवलेली होती. तिसऱ्याही. मीही माझी अर्धी तुडवत राहिले. आता हे स्पष्टच सांगते: मला ते आवडायला लागलं होतं. रोज सकाळी कोणीतरी माझ्या दिशेने चालत येतं, काठीपाशी थांबतं आणि माझा मान राखून मागे फिरतं. एवढं कौतुक त्या हिवाळ्यात माझं दुसरं कोणी केलं नव्हतं.

मग एके दिवशी वाट काठी ओलांडून माझ्या बाजूला आली. थोडीशीच, चार पावलं. आमच्याकडे याला अर्थ आहे. तुझं लेकरू लहान आहे, तुझा थोडा भार मी उचलते, असा. मग परतफेड करावीच लागते. मी घरातली चांगली संत्री निवडली, धुतलेल्या फडक्यात बांधली आणि काठीच्या पायथ्याशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिथे फडकं होतं, चौकोनी घडी घातलेलं. घडीवर पेंढ्याच्या जोड्यांचा एक जोड. लहान मुलाचा.

मी तो कायोच्या पायात घातला. सैल नाही, घट्ट नाही. तिचा अंगठा जरा बाहेर वळलेला आहे, तर तिथे पेंढा तसाच वळवून विणलेला. पण पेंढा यंदाचा नव्हता. काळा पडलेला, जड, त्याला चिखलाच्या तळाचा वास. मी तो काढायला गेले तर कायोने पाय आखडून घेतले. रात्री झोपतानाही तिने ते काढू दिले नाहीत.

तिच्या पायाचं माप मी कोणाला दिलं नव्हतं.

५

आजींच्या अंगणात वाटेच्या कडेला एक खजुरी रंगाच्या सालीचं, काकी नावाच्या फळाचं झाड आहे. माझ्या माडीच्या खिडकीतून पाहिलं की तांबड्या फडक्याची काठी नेमकी त्या झाडाच्या रेषेत दिसायची. आता ती रेषेत नव्हती. अलीकडे सरकली होती.

वाऱ्याने कलली असेल, मी म्हटलं. काठी सरळ उभी होती. दुसऱ्या दिवशी आणखी अलीकडे. तिच्यामागे वाटही तितकीच पुढे आलेली.

मग मला भलतीच शंका आली. एकटं राहून माणसं झोपेत चालतात म्हणे. मीच तर पहाटे उठून जात नसेन? निजताना माझे तुडवणीचे जोडे दारामागच्या खुंटीला टांगले, तळव्यांना चुलीतली राख फासली. सकाळी राख जशीच्या तशी, जोडे खडखडीत कोरडे. बाहेर वाट नवी. मी सुटकेचा श्वास सोडला आणि अर्ध्यात आवरला, कारण हे काही सुटका व्हावी असं नव्हतं.

मी खालची वाट तुडवणं बंद केलं. त्याने काही फरक पडला नाही. आता अर्ध्याचा हिशेबच उरला नव्हता. वाट सगळी तिकडूनच होत होती.

वरची वाट मात्र मी तुडवत होते. एका सकाळी तिथे पाय दाबत असताना पाठीवर काहीतरी हललं. आधी वाटलं, कायो पेंगतेय. मग मान वळवून पाहिलं. ती खालच्या उताराकडे तोंड करून हात हलवत होती. ओळखीच्या माणसाला हलवतात तसा, सवयीने. उतारावर कोणी नव्हतं. वरच्या काठीपलीकडे हात्सुकाकूंची अर्धी वाट तुडवून तयार होती आणि त्यांच्या धुराड्यातून धूर येत होता. हाकेच्या अंतरावर. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. काय सांगणार होते? एवढं करून त्या म्हणाल्या असत्या, शिझुओकावालीला बर्फ चढला.

६

त्या दिवशी सकाळपासून वादळ होतं. वाट तुडवायला कोणी बाहेर पडलं नसेल अशी हवा. धुराड्यात बर्फ भरून चूल विझली होती आणि मी ती पेटवायच्या मागे होते. दुपार असेल, पण फळ्यांमुळे घरात काळोखच.

गुच्.

मी फुंकणी खाली ठेवली.

गुच्, गुच्. आवाज घराच्या भिंतीलगत होता. मागच्या खिडकीच्या फळ्यांपलीकडे, मग कोपऱ्यावर, मग बाजूच्या फळ्यांपलीकडे. घाई नाही. एकेक पाय नीट दाबत. मग तो पायऱ्यांवर आला. त्या मीच खोदलेल्या पायऱ्या, प्रत्येकीचा आवाज मला माहीत. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

"वाट झाली हो!"

आवाज बाईचा होता. तो माझा होता. शिझुओकाचा हेल, शेवटचा "हो" किंचित वर नेणारा, ज्याला गावातल्या बायका हसतात. आजींच्या बंद दाराशी मी हाक दिली होती, ती जशीच्या तशी मला परत मिळाली होती.

रीत हाडात मुरलेली असते. माझ्या तोंडातून "उपकार..." एवढं निघून गेलं होतं. मी दात आवळले. आणि तेव्हा मला दिसली कायो. ती दाराच्या उंबऱ्याशी उभी होती, पायात ते काळे जोडे. तिने दाराकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला, आणि तिचे ओठ हलले.

"उ..." ती म्हणाली. "उप..."

माझं लेकरू बोलत होतं. या एका आवाजासाठी मी वर्षभर देवापुढे हात जोडले होते. मी धावत गेले आणि तिचं तोंड दाबून धरलं. माझ्या तळहाताखाली तिचे ओठ तो शब्द पुरा करायला धडपडत होते, आणि मी रडत होते, आणि हात काढत नव्हते.

"घरात कोणी आहे का?" बाहेरून माझ्याच आवाजात विचारणा झाली. फार अदबीने. "तसदी देते, क्षमा असावी."

मी तळहात आणखी घट्ट दाबला.

"तुम्ही कामात असाल. पोरीला पाठवलंत तरी चालेल."

७

मी कायोला काखेत मारून माडीवर पळाले. तिच्या पायातले जोडे ओढून काढले. ते फेकून द्यायला हात झाला नाही. भेट फेकत नाहीत ना! तेव्हाही मला रीत आठवली, बघा. जोडे कमरेच्या पट्ट्यात खोचले, कायोला पाठीशी घट्ट बांधलं आणि माडीच्या खिडकीतून बर्फात उडी घेतली.

माझे जोडे खाली दारामागे राहिले होते. पायात नुसते मोजे. कमरेपर्यंत रुतत मी वरच्या बाजूला निघाले. सकाळपासून न तुडवलेली माझी अर्धी वाट, वर वादळ. काठी दिसत नव्हती. पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. मागे मात्र गुच्, गुच् ऐकू येत होतं, आणि ते मला माझ्या श्वासाहून नीट ऐकू येत होतं.

मग तोच आवाज पुढूनही आला.

मी थांबले. बर्फाच्या पडद्यात समोर पेंढ्याचं इरलं घेतलेली एक वाकलेली आकृती होती. पाय उचलत होती, दाबत होती, माझ्याच दिशेने येत होती. वर तेच, खाली तेच. माझं सगळं बळ तिथे सरलं. मी कायोला पाठीवरून पुढे घेतलं आणि तिच्यावर ओणवी झाले.

"डोळे फुटले का तुझे?" आकृती ओरडली. "पायात काही नाही, अंगावर काही नाही, आणि पोर घेऊन निघालीस कुठे या हवेत? मरायचं असलं तर एकटी मर ना, मेले! शिझुओकात अक्कल पिकतच नाही का?"

एवढा गोड शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. खालून येणारं ते काही झालं तरी मला मेले म्हणालं नसतं. ते क्षमा मागत होतं, तसदी देत होतं, मान राखत होतं. मी हात्सुकाकूंच्या कमरेला मिठी मारून हसत सुटले. त्यांना वाटलं मी वेडी झाले, म्हणून त्यांनी मला एक थोबाडीत दिली. तीही मला आवडली.

"सकाळपासून तुझ्या धुराड्यातून धूर नाही," त्या मला ओढत नेताना म्हणाल्या. "म्हणून निघाले. तुझ्या बाजूची वाट तुला जमणार नव्हती, ती पण मीच तुडवत आले. लोणच्याच्या वेळचं धरून बसलीयस ना अजून? तोंड माझं वाईट आहे गं. पाय चांगले आहेत."

मी मागे पाहिलं. गुच् थांबलं होतं.

८

काकूंनी माझे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"उत्तर दिलंस?"

"अर्धं."

"पोरीने?"

"नाही. मी तोंड दाबलं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि सार ढवळायला लागल्या. हे काय आहे, कधीपासून आहे, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माहीत करून घेऊन मला काय त्याच्याशी सोयरीक करायची होती?

सकाळी वादळ ओसरलं. काकूंनी दारात उभं राहून वरच्या घरांना हाका घातल्या. फावडी घेऊन बायका आल्या, सगळ्या घरच्या. खाली उतरताना एकमेकींची टिंगल चालली होती, पण कोणी एकटी मागे राहत नव्हती. माझ्या दाराशी पोचलो तेव्हा मात्र सगळ्या जागीच थबकल्या. आजींच्या घराकडून आलेली वाट घराला वळसा घालून, पायऱ्या उतरून उंबऱ्यापर्यंत गेली होती. आणि उंबऱ्यासमोर, दाराला अडसर घातल्यासारखी, तांबड्या फडक्याची काठी रोवलेली होती. काठीच्या पलीकडचं सगळं त्याचं. अलीकडे फक्त माझं दार.

मला भीती वाटेल असं मला वाटलं होतं. भयंकर राग आला. माझ्या दारात? मी ती काठी दोन्ही हातांनी उपटली, कायोला काकूंच्या पाठीवर दिलं आणि सगळ्यांच्या पुढे होऊन उतारावरून खाली निघाले.

आजींच्या घराच्या भिंतीशी बायकांनी वरचा बर्फ उकरला. खिडकीच्या फळ्या लागल्या. दोन फळ्यांमध्ये हात जाईल एवढी फट होती. मी फटीला डोळा लावला.

आधी काही दिसलं नाही. मग चटईच्या कडेला माझी संत्री दिसली, रांगेत मांडलेली, एकही न सोललेली. त्यांच्याशेजारी एक लहानसं बसायचं आसन आणि त्यापुढे लहान वाडगा. पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कोणीतरी उभं होतं. अंगावर इरलं. ते जागच्या जागी पाय उचलत होतं आणि दाबत होतं. कोरड्या चटईवर. गुच्, गुच्.

मग ते थांबलं आणि वळायला लागलं.

मी ते पुरतं वळू दिलं नाही. पट्ट्यातले काळे जोडे काढून फटीतून आत लोटले. आमच्याकडे घेतलेली भेट परत करण्याहून मोठा अपमान नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका शेजाऱ्याला एकेरीत बोलले.

"घे तुझे जोडे," मी म्हणाले. "माझ्या पोरीला तुझं काही नको. आजपासून आमची अर्धी वाट तुझ्याकडे येत नाही. तू कितीही वाट कर, कितीही हाका मार, या घरातून तुला उत्तर मिळणार नाही. माझं नाही, तिचं नाही. कळलं?"

आवाज माझा होता. शिझुओकाचा हेल, जसाच्या तसा. कोणी तो माझ्याकडून घेऊन गेलेलं नव्हतं.

"ऐकलंस ना?" हात्सुकाकू माझ्या खांद्यावरून फटीत ओरडल्या. "मग बस तंगड्या आवरून!"

एक बाई फिस्कन हसली आणि मग सगळ्याच हसल्या, पांढऱ्याफटक चेहऱ्यांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. परत येताना आम्ही ती सुरेख वाट फावड्यांनी फोडत आलो. मागे एक ढेकूळ सलग ठेवलं नाही. माझ्या घरात येऊन बायकांनी चूल पेटवली, माझी उरलेली संत्री फस्त केली आणि लोणचं किती आळणी झालंय ते मला तोंडावर सांगितलं.

९

त्या रात्री शांत बर्फ पडला. सकाळी माडीवरून पाहिलं तर आजींच्या घरापर्यंतचा उतार कोरा होता. दुसऱ्या दिवशी कोरा, तिसऱ्या दिवशी कोरा. ती वेळूची काठी मी घरात आडवी टांगली आणि तिच्यावर कायोचे लंगोट वाळत घातले.

हिवाळा अजून पुष्कळ बाकी होता. बर्फ काही कमी पडला नाही, तुळया कण्हायच्या थांबल्या नाहीत. पण आता मी पहाटेच वर जायचे, हात्सुकाकूंच्या वेळेला. काठीपाशी आमची गाठ पडायची आणि तिथेच उभ्या उभ्या भांडण व्हायचं, कधी मुळ्यावरून, कधी नवऱ्यांवरून. दुपारी एकेका घरी बायका जमायच्या. मी त्यांना संत्र्यांच्या पेटीतलं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. शर्यतीचा निकाल आता सगळ्या गावाला पाठ आहे.

काकूंनी कायोसाठी यंदाच्या पेंढ्याचे जोडे विणले. पिवळेधमक, उन्हाचा वास येणारे आणि भलतेच मोठे. माप चुकलं होतं. मी म्हणाले तसं, तर म्हणाल्या, "पाय वाढवायला सांग तिला." आम्ही आत चिंध्या भरल्या.

ते जोडे घालून कायो पहिल्यांदा माझ्यापुढे चालली. पडत, उठत, दोऱ्या ओढत. आपली अर्धी तिने तुडवली, काठी ओलांडली आणि काकूंचीही अर्धी तुडवत थेट त्यांच्या दाराशी गेली. मी मागे उभी होते. तिने मोठा श्वास घेतला. या वेळी मी हात पुढे केला नाही.

"वाट झाली हो!" माझी लेक ओरडली. शेवटचा "हो" किंचित वर नेऊन, अस्सल शिझुओकाचा.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मग हात्सुकाकूंचा आवाज आला, घोगरा, "उपकार झाले, या." दार उघडलं. काकू डोळे पुसत होत्या आणि ओरडत होत्या, एवढं कोणी किंचाळतं का, मी काय बहिरी आहे. कायोने लगेच पुन्हा तीच हाक दिली, आणखी मोठ्याने, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी.

मी वळून खालच्या उताराकडे तोंड केलं आणि कान देऊन ऐकलं. बराच वेळ ऐकलं. खालून कोणीही उत्तर दिलं नाही.

मग मी जोडे काढले आणि चहा प्यायला आत गेले.